गाडीचं वय मोजू नका, धूर मोजा

"पंधरा वर्षं झाली ना गाडीला? मग आता भंगारातच घालावी लागणार."

हे वाक्य आपल्या येवल्यात इतक्या वेळा कानावर पडतं की लोकांना तो कायदाच वाटायला लागलाय. चहाच्या टपरीवर तेच, एजंटकडे तेच, नवी गाडी बघायला शोरूमला गेलात तर तिथेही तेच. आणि त्यावर विश्वास ठेवून चांगल्या चालत्या ॲम्बेसेडर, फियाट, काँटेसा लोक किलोच्या भावाने घालवतायत. पोस्ट मोठी आहे. पण ज्याच्या वाड्यात, मळ्यात, पत्र्याच्या शेडमध्ये जुनी मोठी गाडी उभी आहे त्याने शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.

आधी कायदा काय ते नीट समजून घेऊ.

खासगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. ती संपली की गाडी तपासायला न्यायची, पास झाली की पुढच्या ५ वर्षांसाठी नोंदणी वाढते. ती ५ वर्षं संपली की पुन्हा तपासणी, पुन्हा ५ वर्षं. २०२१ साली केंद्राने जे स्क्रॅप धोरण आणलं ते खासगी गाडीला ऐच्छिक आहे. १५ वर्षं झाली की नोंदणी रद्दच, हा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला तो सरकारी गाड्यांना. दिल्लीचं प्रकरण वेगळं. तिथे हरित लवाद आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनी डिझेलला १० आणि पेट्रोलला १५ वर्षांची मर्यादा आली. १ जुलै २०२५ पासून तर अशा गाड्यांना पंपावर तेलच द्यायचं नाही असं ठरलं आणि लोक इतके भडकले की आठवडा व्हायच्या आत ते थांबवावं लागलं. पण दिल्ली ती दिल्ली. येवला काय दिल्लीत नाही.

म्हणजे तुमच्या दारातली १९९० सालची ॲम्बेसेडर, ती तपासणीत पास होत असेल तर, आजही कायद्याने रस्त्यावर चालू शकते. हे एवढं एक वाक्य लोकांना कोणी सांगत नाही, कारण ते सांगून कोणाचाच फायदा नाही. नवी गाडी विकणाऱ्याचा नाही, भंगार घेणाऱ्याचा नाही, "साहेबांशी बोलून बघतो" म्हणणाऱ्या एजंटचा तर नाहीच नाही.

आता सरकारकडे वळू. कागदावर म्हणायचं "फिटनेस बघू" आणि खिशात हात घालायचा तो वयाकडे बघून. खासगी मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी पूर्वी ६०० रुपये होती. १ एप्रिल २०२२ पासून ती ५,००० झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या मोटारीसाठी ती १०,००० केली, जीएसटी वेगळा. राज्याचा पर्यावरण कर आणखी वेगळा. बरं, ही फी गाडी किती धूर सोडते यावर आहे का? नाही. वर्षाला किती किलोमीटर चालते यावर? तेही नाही. जन्मतारखेवर आहे. गाडी टकाटक ठेवणारा आणि काळा धूर सोडत फिरणारा, दोघांना एकच दर.

पुढची गंमत ऐका. त्याच सरकारने २०२१ मध्ये विंटेज गाड्यांचे नियम केले. गाडी ५० वर्षांची झाली, मूळ रूपात असली, की ती वारसा. तिला नंबरप्लेटवर 'व्हीए' अक्षरं मिळतात आणि मान मिळतो. म्हणजे तिशीतली ॲम्बेसेडर प्रदूषणकारी, आणि तीच आणखी वीस वर्षं जगली तर राष्ट्राची ठेव! मधली वीस वर्षं तिला जगवायची कोणी? ज्याच्याकडे बंगला आहे, ड्रायव्हर आहे, चार गाड्यांचं गॅरेज आहे त्यानेच ना? मध्यमवर्गीय माणसाने मात्र दर पाच वर्षांनी दहा हजार मोजायचे, नाहीतर भंगारवाल्याला फोन करायचा.

माझं म्हणणं सरळ आहे. गाडी किती वर्षांची आहे हा प्रश्नच चुकीचा आहे. ती कशी ठेवली आहे हा खरा प्रश्न आहे. सरकारने तेच तपासावं. आणि मालकानेही ती स्वतःच्या हाताने नीट ठेवावी. दुसरं वाक्य आपल्याला उद्देशून आहे आणि त्यावरही मी बोलणार आहे, सगळं खापर सरकारवर फोडून मोकळं व्हायचं नाही.

ही गोष्ट येवलेकराला समजावून सांगायची गरजच पडू नये. आपल्या गल्लीगल्लीत हातमाग आहेत. माग जुना झाला म्हणून कोणी विणकर तो फोडून चुलीत घालतो का? धोटा झिजला तर धोटा बदलतो, फणी गेली तर फणी बदलतो, लाकूड हललं तर पाचर मारतो. आजोबांच्या मागावर नातू पैठणी विणतो आणि गिऱ्हाईक मागाचं वय विचारत नाही, पदर बघतो.

शेतकऱ्यांचंही तेच. विहिरीवरचं डिझेल इंजिन बंद पडलं की आपल्या आजोबांनी कंपनीच्या माणसाची वाट पाहिली का? बांधावर गोणपाट अंथरलं, हेड खोललं, व्हॉल्व्ह घासले, गॅस्केट टाकलं आणि संध्याकाळी पाणी चालू. अंदरसूल, राजापूर, नगरसूलच्या दुष्काळी पट्ट्यात तर पर्यायच नव्हता. किर्लोस्करांसारख्यांचं इंजिन गावोगाव गेलं त्याचं एक कारण हेच की ते गावात दुरुस्त होत होतं. ती पिढी सातवी-आठवी शिकलेली. आणि आज इंजिनिअरिंगची डिग्री घेतलेला आमचा मुलगा गाडीचं बॉनेट कुठून उघडतं ते यूट्यूबवर शोधतो. ही प्रगती म्हणायची का?

आता या जुन्या गाड्यांत असतं काय ते बघू. ॲम्बेसेडर म्हणजे मुळात इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. हिंदुस्थान मोटर्सने १९५७ पासून ती पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्याला बनवली, मे २०१४ मध्ये काम थांबलं. तिचं जुनं पेट्रोल इंजिन १४८९ सीसीचं, ब्रिटिशांचं बी-सिरीज. काँटेसा १९८४ ते २००२, सुरुवातीच्या काँटेसालाही हेच इंजिन, पुढे इसुझूचं आलं. आणि आपल्या महाराष्ट्राची म्हणावी ती प्रीमियर पद्मिनी, सगळ्यांची 'फियाट'. वालचंद हिराचंद यांनी उभी केलेली कंपनी, कुर्ल्याचा कारखाना, १०८९ सीसीचं इंजिन. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ अखेर बंद झाली तेव्हा सगळे पेपर गहिवरले होते. गहिवरायला पैसे पडत नाहीत. गाडी सांभाळायला पडतात.

या इंजिनांत कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. पेट्रोल, हवा, ठिणगी आणि थंडावा, या चार गोष्टी बरोबर असल्या की इंजिन चालतं. नाही चाललं तर या चारपैकीच काहीतरी बिघडलेलं असतं. बाराशे-पंधराशे रुपयांत बसतील एवढे पाने, एक फीलर गेज, एक प्लगचा पाना आणि रविवारची सकाळ एवढ्यावर निम्मी दुखणी घरी बरी होतात. थाप वाटत असेल तर खाली वाचा.

ऑइल. रोज नाही, पण आठवड्याला एकदा गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन थंड असताना पट्टी काढून बघा. ऑइल कमी होतंय म्हणजे एकतर गळतंय नाहीतर जळतंय. पट्टीवर किंवा झाकणाच्या आत दुधाळ पिवळट साय दिसली तर ऑइलमध्ये पाणी मिसळत असण्याची शक्यता आहे, मग गाडी चालवू नका.

प्लग. खोलून बघा, तो इंजिनाची कुंडली सांगतो. टोक फिकट तपकिरी किंवा करडं असेल तर सगळं ठीक. सुकी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय, किंवा एअर फिल्टर तुंबलाय. ओलं तेलकट काळं असेल तर ऑइल वर येतंय. जुन्या ॲम्बेसेडरला प्लगची फट ०.०२५ इंच, म्हणजे साधारण ०.६ मिलिमीटर. डिस्ट्रिब्यूटरमधल्या पॉइंटची फट ०.०१५ इंचाच्या आसपास, म्हणजे साधारण ०.४ मिलिमीटर. पॉइंटवर खड्डे पडले असतील तर बदला, महाग वस्तू नाही. स्टार्टिंगचा त्रास, ॲव्हरेज पडणं, झटके खाणं, यातलं बरंचसं या दोन फटींत सापडतं.

टॅपेट. लोकांना हे फार मोठं काम वाटतं. चार सिलिंडरच्या या इंजिनाला आठ व्हॉल्व्ह. जुन्या मेकॅनिकांचा नऊचा नियम लक्षात ठेवा. जो व्हॉल्व्ह पूर्ण दाबला गेलाय त्याचा नंबर नवातून वजा करायचा आणि जो आकडा येईल त्या नंबरचं टॅपेट जुळवायचं. आठवा दाबला असेल तर पहिलं, सातवा दाबला असेल तर दुसरं, पाचवा दाबला असेल तर चौथं. फट किती ठेवायची ते तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमधून घ्या, मित्राच्या आठवणीतून नको. आठही झाले की वरचं कव्हर नीट बसवा, सुरू करा आणि आवाज ऐका.

थंडावा. येवल्याचा एप्रिल-मे सगळ्यांना माहीत आहे. त्या उन्हात मनमाड रोडला बंद पडलेल्या जुन्या गाडीला लोक "इंजिन गेलं" म्हणतात. बऱ्याचदा गेलेला असतो फॅन बेल्ट, फुटलेला असतो रबरी पाइप, किंवा रेडिएटर बोअरच्या क्षारांनी गच्च झालेला असतो. बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये ओतणं बंद करा, कूलंट वापरा. दोन पाइप आणि एक बेल्ट डिकीत ठेवा. आणि काटा वर चढला की गाडी थांबवा. "येवला आलंच, जाऊ तसंच" म्हणून दामटलेल्या पाच किलोमीटरमध्ये हेड गॅस्केट जातं आणि शेकड्यांचं काम हजारांवर जातं.

आता धूर. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, रिंगा किंवा व्हॉल्व्हची सीलं बघा. पांढरा धूर थंडीच्या सकाळी जरा वेळ निघतोच, पण इंजिन गरम झाल्यावरही थांबत नसेल तर पाणी सिलिंडरमध्ये जातंय. हे तीन रंग ओळखता आले की तुम्हाला कोणी सहज फसवू शकत नाही. आणि हा धूर तुम्हाला घरी दिसतो, तर तो सरकारी तपासणीत दिसू नये असं कसं?

इथेच मी पीयूसीवर येतो. जुन्या, बीएस-२ च्या आधीच्या पेट्रोल मोटारीला पीयूसीत कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. बीएस-४ गाडीला ०.३ टक्के. म्हणजे कायद्याने जुन्या गाडीला आधीच सवलत दिली आहे, आणि एअर फिल्टर, प्लग, कार्बोरेटर नीट असेल तर या मर्यादेत बसणं अवघड नाही. पण पीयूसी मिळते कशी ते आपण सगळे जाणतो. सायलेन्सरमध्ये नळी न घालता, कधी कधी गाडी न नेता, नंबरप्लेटच्या फोटोवर. असं सर्टिफिकेट घेणारेही आपणच. मग प्रदूषणाच्या नावाने वयावर दंड लावायचा तो कशासाठी? खरं मोजमाप करायचं नाही म्हणूनच ना? मोजायला मेहनत लागते. जन्मतारीख बघायला काही लागत नाही.

कंपन्यांचीही एक गोष्ट सांगतो, कारण हा फक्त जुन्या गाड्यांचा विषय नाही. तुमची आजची नवी गाडी दहा-पंधरा वर्षांनी जुनीच होणार आहे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून जास्त दंड ठोठावला. कारण काय? सुटे भाग, दुरुस्तीची माहिती, तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळू द्यायची नाहीत, गिऱ्हाईक आपल्याच सर्व्हिस सेंटरला बांधून ठेवायचं. त्या यादीत ॲम्बेसेडरवाली हिंदुस्थान मोटर्सही होती, म्हणजे जुने ते सगळे संत असं काही नाही. प्रकरण पुढे अपिलात गेलं. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा हक्क' यावर समिती नेमली, डिसेंबरमध्ये पोर्टल आलं, त्यात मोटारींचाही समावेश आहे. चांगली गोष्ट आहे. पण पोर्टलवर कंपनीचा टोल-फ्री नंबर देणं म्हणजे हक्क नव्हे. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ साली लोकांनी मतदान करून मोटार दुरुस्तीचा हक्क मिळवला. कंपनीने आपल्या डीलरला जी माहिती दिली तीच बाहेरच्या गॅरेजला विकत द्यायची, असं तिथे ठरलं. आपल्याकडे त्यासाठी मतदान सोडा, तालुक्याच्या सभेत कोणी प्रश्नही विचारत नाही.

याने सामान्य माणसाचं काय होतं? माझ्याच ओळखीतली जुनी सेडान, पाच-सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. गाडी झटके खात होती. एका सर्व्हिस सेंटरने यादी काढली आणि तीस हजारांच्या वर आकडा सांगितला, वर सल्ला दिला की "एवढा खर्च करण्यापेक्षा एक्स्चेंजला टाका." आम्ही रविवारी बॉनेट उघडलं. एकेका प्लगची वायर काढून बघत गेलो. तिसरी वायर काढली तरी इंजिनाच्या आवाजात फरक नाही, म्हणजे तिसरा सिलिंडर आधीच झोपलेला. वायर आतून तुटली होती. पाचशे रुपयांच्या आत काम झालं, गाडी अजून चालते आहे. सर्व्हिस सेंटरमधली पोरं वाईट नाहीत हो. त्यांना शोधायला वेळ देत नाहीत, बदलायला सांगतात. बिल बदलण्याचं होतं, शोधण्याचं होत नाही.

आता विरोधातले मुद्दे. तेही खरे आहेत, टाळणार नाही.

पहिला, जुनी गाडी कितीही ठेवली तरी बीएस-६ एवढी स्वच्छ होणार नाही. शंभर टक्के मान्य. पण जी गाडी महिन्यातून दोनदा लग्नाला आणि कोपरगावला जाते तिचा वर्षाचा धूर आणि रोज दोनशे किलोमीटर धावणाऱ्या, फिल्टर कधीच न बदललेल्या गाडीचा धूर यात फरक करायचा की नाही? आणि चालती गाडी मोडून नवी बनवायला लोखंड, वीज, रबर लागतं, ते आकाशातून पडत नाही. ज्या गाडीचा धूर मर्यादेबाहेर आहे आणि दुरुस्त होत नाही, ती बंद करा. माझी असली तरी करा.

दुसरा, सुरक्षितता. जुन्या ॲम्बेसेडरला एअरबॅग नाही, एबीएस नाही. तेही मान्य. म्हणून तर ती समृद्धीवर १२० ने पळवायची गाडी नाही. तिला तिच्या वेगाने चालवा. आणि ब्रेक, स्टिअरिंग, पुढचं सस्पेन्शन हे घरी शिकत शिकत करायचं काम नाही, ते जाणत्या मेकॅनिककडेच. जॅकवर उचललेल्या गाडीखाली घुसू नका, खाली स्टँड लावा. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा. पेट्रोलचं काम चालू असताना शेजारी बिडी ओढत कोणी उभा असेल तर त्याला आधी घालवा.

तिसरा, इथेनॉल. ई-२० पेट्रोल आता सगळीकडे आहे. पलीकडे कोपरगावला साखर कारखाने, आपल्याकडे मका. इथेनॉलने आपल्या शेतकऱ्याच्या मालाला गिऱ्हाईक मिळतंय, त्याला मी विरोध करणार नाही. पण जुन्या इंजिनांचं काय ते तरी नीट सांगा. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलंय की ज्या मोटारी त्यासाठी बनलेल्या नाहीत त्यांचं ॲव्हरेज ६ ते ७ टक्के घटू शकतं. पेट्रोलियम मंत्रालयही २०२५ मध्ये म्हणालं की काही जुन्या गाड्यांची रबरी पार्टं आणि गॅस्केटं बदलावी लागू शकतात. पण हे पंपावर लिहिलंय का? कोणाला वाचायला मिळालं? त्यामुळे पुन्हा काम मालकाचं. पेट्रोलचे रबरी पाइप बघा. फुगले असतील, चिरा असतील, चिकट लागत असतील तर इथेनॉलला चालणारे नवे टाका. गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवणार असाल तर कार्बोरेटरमध्ये तेल साचू देऊ नका. गळणारा पेट्रोल पाइप गरम इंजिनावर म्हणजे आग आहे, हे विसरू नका.

चौथा मुद्दा एका मेकॅनिक मित्राने मला ऐकवला. "तुम्ही सगळे घरी करायला लागलात तर आम्ही काय करायचं?" त्याला मी जे सांगितलं तेच इथे सांगतो. ज्याला प्लग साफ करता येतो त्याला इंजिन बांधता येत नाही. पण इंजिन बांधण्याच्या कामाची किंमत त्यालाच कळते. आज गिऱ्हाईक मेकॅनिककडे संशयाने बघतं, कारण त्याला आतलं काहीच माहीत नसतं. आपल्या गावातले जे जुने मेकॅनिक आवाजावरून टॅपेट आणि बेअरिंगमधला फरक ओळखतात, त्यांची मुलं या धंद्यात येत नाहीत. कारण जुन्या गाड्या उरल्या नाहीत आणि नव्या उघडू देत नाहीत. जुनी गाडी जगली तर त्यांचं काम जगतं. गाडी भंगारात गेली की तिच्याबरोबर त्या माणसाचं चाळीस वर्षांचं ज्ञानही कवडीमोल होतं. क्यूबात १९६० नंतर अमेरिकन गाड्या येणं बंद झालं, तरी तिथले लोक त्यावेळच्या लांबलचक शेवरोले आजही चालवतात. तिथल्या मेकॅनिकचा हातच ती गाडी चालवतो.

आणि एक खडा आपल्याच ताटातला. घरी ऑइल बदलणाऱ्यांनो, जुनं ऑइल गटारात ओतू नका. झाडाच्या बुंध्याशी नको, वाळवीवर उपाय म्हणूनही नको. ते कायद्याने घातक टाकाऊ पदार्थात मोडतं. डबा भरून झाकण लावा आणि अधिकृतपणे जुनं ऑइल गोळा करणाऱ्याकडे पोचेल अशा गॅरेजला द्या. एप्रिल २०२४ पासून ऑइल बनवणाऱ्या कंपन्यांवर वापरलेलं ऑइल परत गोळा होईल हे बघण्याची जबाबदारी आहे. त्यांना विचारा, येवल्यात तुमचं केंद्र कुठे आहे? आपण पर्यावरणाच्या नावाने ओरडणाऱ्यांना जाब विचारतोय, तेव्हा आपले हात ऑइलने माखलेले असोत, पण गटारात नसोत.

तर मागण्या अशा आहेत. आमदार, खासदार, परिवहन खातं, ज्यांच्या कोणाच्या वाचनात येईल त्यांच्यासाठी:

१. नूतनीकरणाची फी वयावर नको. तपासणीचा खरा खर्च घ्या. जी गाडी धुराच्या आणि ब्रेकच्या तपासणीत स्वच्छ पास होते तिला जास्तीचा भुर्दंड नको.

२. पीयूसी नळी घालून, गाडी समोर असताना, कॅमेऱ्यासमोर. नव्या-जुन्या सगळ्यांना.

३. गाडीचं उत्पादन बंद झालं की तिचं दुरुस्तीचं मॅन्युअल कंपनीने सर्वांसाठी खुलं करावं. ज्या गाड्या चालू आहेत त्यांची माहिती बाहेरच्या गॅरेजला वाजवी किमतीत मिळावी.

४. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड शिकवतात. त्याच वर्कशॉपमध्ये महिन्यातला एक रविवार सामान्य वाहनमालकांसाठी ठेवा. मुलगे, मुली, गृहिणी, रिटायर माणसं, ज्याला शिकायचं त्याला शिकू द्या. तालुक्यातल्या जुन्या मेकॅनिकांना तिथे मानधन देऊन बोलवा.

यातलं एकही काम कोट्यवधींचं नाही. त्यामुळेच कदाचित कोणी करत नाही, भूमिपूजनाला फोटो चांगला येत नाही.

आणि सरकार करेल तेव्हा करेल. तोवर येत्या रविवारी आपण एक करू. संक्रांतीला जसे गच्चीवर जमतो तसे कोणाच्या तरी अंगणात जमू. दोन जुन्या गाड्या, एक फीलर गेज, जुना एखादा उस्ताद आणि दहा-बारा पोरं. बॉनेट उघडायचं, प्लग काढायचे, पट्टी बघायची. ज्याच्याकडे ॲम्बेसेडर, फियाट, काँटेसा किंवा कुठलीही जुनी मोठी गाडी आहे त्याने कमेंटमध्ये फक्त मॉडेल आणि साल लिहा, जागा आणि वेळ ठरवू. चहा माझ्याकडून.

तोवर कोणी "पंधरा वर्षं झाली, भंगारात घाला" म्हणालं तर त्याला एकच विचारा. कुठल्या नियमाने, दाखव.